टाकीच्या आतला पावसाळा

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. सह्याद्रीची ही पर्जन्यछाया तशीच आटपाडी, कवठेमहांकाळ करत कर्नाटकच्या सीमेला टेकलेल्या जत तालुक्यापर्यंत जाते. या पट्ट्यात लोखंड टिकते असा समज आहे आणि तो निराधार नाही. कोकणात ज्या मडगार्डची काही पावसाळ्यांत चाळण होईल, ते इकडे पत्र्याच्या शेडमध्ये वीस-पंचवीस वर्षे पडून राहिले तरी शाबूत असते. धुळीने माखलेली, टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली, पण सांगाडा धडधाकट, अशी जुनी बुलेट पाहिली की मालकाला वाटते, हिला फक्त डेंटिंग-पेंटिंगची गरज आहे. मग गाडी आधी रंगाऱ्याकडे जाते, जुना रंग खरवडला जातो, लांबी भरली जाते, क्रोम नव्याने चढवले जाते आणि सगळ्यात शेवटी किक मारून पाहिली जाते. हा क्रम चुकीचा आहे. कोरड्या मुलुखात उभी राहिलेली मोटारसायकल आतून खराब होते, म्हणून तिची दुरुस्ती आतून सुरू व्हायला हवी आणि बाहेरच्या पृष्ठभागाला शक्य तितका कमी हात लागायला हवा.

बुलेटचेच उदाहरण घेण्याला कारण आहे. ‘ट्रायल्स’ हा मोटारसायकलींचा असा खेळ आहे की त्यात वेगाला किंमत नाही. दगडगोटे, ओढे, चिखल, चढ असा मार्ग पाय न टेकता पार करायचा. पाय टेकला की दंडाचे गुण चढतात. आज ओळखीची असलेली बुलेट याच खेळातून आली. इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एन्फिल्ड कारखान्याने मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि ऑइलचे शॉक ॲब्सॉर्बर लावलेल्या नमुन्याच्या गाड्या फेब्रुवारी १९४८ मध्ये कोलमोर कप ट्रायलमध्ये उतरवल्या. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमध्ये चार्ली रॉजर्स आणि विक ब्रिटन यांनी बुलेटवर सुवर्णपदके मिळवली. विकचा मुलगा जॉनी ब्रिटन याने पुढे १९५२ आणि १९५७ मध्ये स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली, तीही रॉयल एन्फिल्डवरच. १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला तिचा कारखाना उभा राहिला. सत्तर मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील आणि कमी कॉम्प्रेशन ही घडण भारतात कित्येक दशके जवळपास जशीच्या तशी बनत राहिली. जड फ्लायव्हील फिरण्याची ऊर्जा साठवून ठेवते, त्यामुळे अगदी सावकाश चालतानाही इंजिन बंद पडत नाही. स्कॉटलंडच्या दगडांवर उपयोगी पडलेला हा गुण जतच्या माळावरच्या गाडीवाटांवरही तितकाच उपयोगी पडला. म्हणजे ट्रायल्सच्या वंशातली जुनी गाडी आपल्याकडे शोधायची तर ती संग्रहालयात कमी आणि शेतावरच्या शेडमध्ये जास्त सापडेल.

आता बाहेरच्या गंजाकडे. लोखंड गंजायला प्राणवायू लागतो तसेच पाणीही लागते. पण त्यासाठी पाऊसच पडावा लागतो असे नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की हवेची सापेक्ष आर्द्रता एका ठरावीक मर्यादेच्या, साधारण साठ टक्क्यांच्या, वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. पृष्ठभागावर धूळ किंवा मीठ असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते, कारण क्षार हवेतली ओल ओढून धरतात. जतमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी आर्द्रता या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये हवेच्या गंजकारकतेचे वर्ग पाडलेले आहेत. कोरड्या, धूर नसलेल्या अंतर्गत भागांना लागू पडणाऱ्या दुसऱ्या वर्गात उघडे साधे पोलाद पहिल्या वर्षात जास्तीत जास्त पंचवीस मायक्रॉन झिजते; खारट किनाऱ्याच्या पाचव्या वर्गात हाच आकडा ऐंशी ते दोनशे मायक्रॉनपर्यंत जातो. जत या दुसऱ्या वर्गाजवळ बसावे. शिवाय तिथे तयार होणारा गंज दाट आणि चिकट असतो आणि पुढच्या वर्षांत झीज मंदावते. सुमारे एक मिलिमीटर जाडीचा पत्रा म्हणूनच टिकतो. बाहेरून दिसणाऱ्या लालसर-तपकिरी थराने जेवढे नुकसान करायचे होते तेवढे बहुधा पहिल्या काही वर्षांतच केलेले असते.

पेट्रोलच्या टाकीत मात्र वेगळे हवामान असते. टाकीच्या झाकणाला हवा येण्याजाण्यासाठी बारीक भोक असते. समजा टाकीत तेरा लिटर हवा आहे, पहाटे ती बावीस अंशांवर आहे आणि दुपारी उन्हाने पत्रा तापून पन्नासवर गेली. वायूच्या साध्या नियमाने ती सुमारे साडेनऊ टक्के फुगते, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास हवा बाहेर जाते आणि रात्री थंड होताना तेवढीच नवी हवा आत येते. पावसाळ्यातल्या एक घनमीटर हवेत वीसेक ग्रॅम बाष्प असते, त्या हिशेबाने रोज चोवीस-पंचवीस मिलिग्रॅम पाणी टाकीत शिरते. पहाटेच्या गार पत्र्यावर त्यातले काही दवासारखे जमते आणि ओघळून तळाशी जाते. पावसाळ्याच्या शंभर दिवसांत हे जास्तीत जास्त दोन-अडीच ग्रॅम होईल. सगळेच काही आत राहणार नाही, दुपारी थोडे परतही जाईल. पण रसायनशास्त्राच्या हिशेबाने एवढे पाणी पंधरा ग्रॅम लोखंडाचा गंज करायला पुरते आणि गाडी तर पंचवीस पावसाळे उभी आहे. बाहेरच्या पत्र्यावरचे दव सकाळच्या वाऱ्याने तासाभरात उडते. टाकीच्या तळाशी, शिवणीच्या सांध्यात साचलेल्या पाण्यापर्यंत वारा पोहोचत नाही. बाहेरून रंगसुद्धा न उडालेल्या टाकीच्या तळाला सुईएवढी भोके सापडतात ती यामुळे.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. सांगली-सातारा हा उसाचा पट्टा. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल इथल्याच साखर कारखान्यांच्या आसवन्यांत तयार होते आणि देशभरात आता वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळते. या धोरणामागे आर्थिक कारणे आहेत आणि नव्या गाड्या त्यासाठी बनवल्याही जातात. जुन्या गाडीचे गणित वेगळे आहे. इथेनॉल पाणी शोषते आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉलचा थर पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतो, नेमका जिथे गंज धरलेला असतो तिथे. जुन्या प्रतीचे रबर त्यात फुगते आणि कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. वीस टक्के मिश्रणाला साडेतेरा लागते. आधुनिक गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही, जेटच्या भोकातून जेवढे यायचे तेवढेच येते, मिश्रण हलके होते आणि इंजिन तापते. जेटचा नंबर वाढवणे हा यावरचा साधा उपाय आहे. मूळ जेट मात्र फेकू नये, डबीत जपून ठेवावा.

इंजिनाच्या आत याहून नाजूक परिस्थिती असते. बुलेटचे जुने सिलिंडर बिडाचे आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. गाडी उभी करताना एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असेल तर सायलेन्सरच्या वाटेने ओलसर हवा थेट सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोहोचते. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो. रिंगा आणि भिंत यांच्यात केसभरही जागा नसते, त्यामुळे थोडासा गंजही पिस्टन जाम करायला पुरतो. अशा वेळी दोघेतिघे मिळून किकवर उभे राहणे म्हणजे रिंगा मोडून घेणे. प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडून आठवडाभर मुरू द्यावे आणि मग उष्णतेचा उपयोग करावा. इथे मिस्त्रींमध्येही एक गैरसमज असतो: तापवले की सगळे सैल होते. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. दोन्ही शंभर अंशांनी तापले तर सत्तर मिलिमीटरचा पिस्टन सुमारे ०.१६ मिलिमीटरने वाढतो आणि बिडाचे भोक ०.०८ मिलिमीटरनेच. म्हणजे एकत्र तापवल्यास पिस्टन आणखी घट्ट बसतो. सैलावतो तो थंड होताना: पिस्टन जास्त आकसतो, गंजाचा धरलेला थर तडकतो आणि त्या फटीत तेल शिरते. तापवा, निवू द्या, तेल सोडा, पुन्हा तापवा, असे फेरे करावे लागतात. इंजिन सुटले म्हणून लगेच सुरू करण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. काच आणि दागिने चकाकवायची लाल भुकटी आयर्न ऑक्साइडचीच असते. हीच भुकटी तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत गेली तर तासाभरात ती काही वर्षांची झीज करील. इंजिन उघडून धुतल्याशिवाय दुसरी किक मारू नये.

टाकीतला गंज काढायला आपल्याकडे सर्रास ॲसिड ओततात. ॲसिड गंज खाते तसे चांगले लोखंडही खाते आणि पातळ झालेल्या तळाला भोके पाडते. विजेची पद्धत सौम्य आहे. टाकीत धुण्याच्या सोड्याचे पाणी भरायचे, मधोमध साध्या लोखंडाची सळई पत्र्याला न टेकेल अशी सोडायची, बॅटरी चार्जरची ऋण तार टाकीला आणि धन तार सळईला जोडायची. टाकीच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, लाल गंजाचा काही भाग काळ्या, ठिसूळ ऑक्साइडमध्ये बदलतो आणि सुटून येतो. खालचे धड लोखंड झिजत नाही. हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून दूर करावे, कारण हायड्रोजन स्फोटक आहे. सळई स्टेनलेस स्टीलची कधीही नसावी. तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि या सगळ्याच्या आधी टाकी धुऊन पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याची खात्री हवी. हवेत दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली तरी ठिणगीने स्फोट होतो. रिकामी टाकी वेल्डिंगला नेणे भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याचे असते ते यामुळेच.

बाहेरचे तसेच ठेवायचे या म्हणण्यावर पहिली हरकत अशी घेतली जाईल की रंग नुसता शोभेचा नसतो, तो लोखंडाचे रक्षण करतो. हे खरे आहे, पण धड लोखंडावर नीट लावलेल्या रंगाबाबत. गंजाच्या खळग्यांत राहिलेल्या क्षारांवर लांबी आणि रंगाचा जाड थर चढवला तर ओल आत कोंडली जाते आणि गंज रंगाखाली पसरत राहतो. त्यापेक्षा सुटा गंज पितळी ब्रशने काढून पत्र्यावर मेणाचा किंवा उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ थर दिला तर जतच्या हवेत तेवढे संरक्षण पुरते. शिवाय कारखान्यात हाताने ओढलेली टाकीवरची रेघ, गुडघ्याने घासून निघालेला रंग, फूटरेस्टवर दगडाने पडलेली खोच ही त्या गाडीची कागदपत्रे आहेत. ट्रायल्सच्या गाड्यांबाबत तर हे अधिकच खरे आहे, कारण त्यांच्या मालकांनी वजन घटवण्यासाठी मडगार्ड कापलेले असतात, हँडल बदललेले असतात. नव्याने रंगवलेल्या गाडीवरून असा एकही बदल वाचता येत नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: जुनेपण जपण्याच्या नादात माणसाचा जीव धोक्यात घालायचा का? अजिबात नाही. जतच्या हवेत लोखंड टिकते, रबर टिकत नाही. तीव्र ऊन आणि हवेतला ओझोन रबराच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात आणि ताण असलेल्या जागी आडव्या भेगा पाडतात. टायरची नक्षी नव्यासारखी दिसत असली तरी टायर, ट्यूब, ब्रेक लायनर, क्लच आणि ब्रेकच्या केबली, ऑइल सील, पेट्रोलची नळी हे सगळे विनाचर्चा बदलायचे. ज्यावर जीव अवलंबून आहे ते नवे आणि जे काही सांगते ते जुने, असा भेद करता येतो. सिलिंडरलाही हाच न्याय लावावा: खळगे उथळ असतील तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन, खोल असतील तर नवी स्लीव्ह. १९१० पासून किर्लोस्करवाडीत बीड ओतले जाणाऱ्या आणि शेजारी कोल्हापूरच्या फाउंड्र्या असलेल्या या मुलखात लेथवरचे असे काम करणारे हात आजही मिळतात.

आणि इतका धूर सोडणारी जुनी इंजिने जिवंत कशाला करायची, हाही प्रश्न रास्त आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली बुलेट दर किलोमीटरला आजच्या गाडीपेक्षा पुष्कळ जास्त प्रदूषण करते, ते नाकारण्यात अर्थ नाही. उत्तर तिच्या वापरात आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या, सांगाडा-इंजिनात मोठे फेरबदल न केलेल्या खासगी दुचाकींना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि त्या रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. १९७५ पर्यंतच्या बुलेट आज या वयात बसतात. नियमाची भाषा मूळ स्वरूपाची आहे, त्यामुळे खरवडून नवीकोरी केलेल्या गाडीपेक्षा जपलेली गाडी इथेही उजवी ठरायला हवी. वर्षातून काही शे किलोमीटर चालणाऱ्या अशा गाडीचा धूर हा शहराच्या हवेचा प्रश्न होत नाही.

गाडी अशी क्वचितच चालणार असेल तर उभे राहण्याचीही शिस्त हवी. मृग नक्षत्राच्या आधी टाकी आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल पूर्ण काढून टाकावे, टाकीच्या आतून तेलाचा हात फिरवावा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून किक सावकाश फिरवावी आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील अशा जागी पिस्टन थांबवावा. सायलेन्सरच्या तोंडाला तेलाचे फडके कोंबावे, चाके ठोकळ्यांवर उचलून ठेवावीत आणि गाडी प्लास्टिकने न झाकता सुती चादरीने झाकावी, म्हणजे आत घाम धरणार नाही.