सनद उरली, गाव ओस

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दोन शिलालेख एकाला लागून एक कोरलेले आहेत. पहिल्यात गौतमीपुत्र सातकर्णी आपल्या 18व्या राज्यवर्षात पश्चिम कखडी गावातलं 200 निवर्तनं शेत डोंगरावरच्या भिक्षूंना देतो. त्या शेतात राजाचे शिपाई शिरणार नाहीत, तिथे मीठ खणलं जाणार नाही, अशा सवलतीही देतो. दुसरा लेख 24व्या वर्षातला, राजा आणि त्याची आई गौतमी या दोघांच्या नावे. तो सांगतो की ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही. म्हणून नगराच्या शिवेवरची 100 निवर्तनं सरकारी जमीन त्याऐवजी देत आहोत.

सहा वर्षांत दान निम्म्यावर आलं. लेख मध्ययुगाच्या कितीतरी आधीचा आहे, पण पुढच्या दीड हजार वर्षांतल्या जमीनदानांची नस मला त्यातच सापडते. राजा देतो ती माती नव्हे, मातीतून येणारा वसूल. आणि तो नांगर धरणाऱ्याच्या हातात असतो.

ताम्रपट मात्र 'आचंद्रार्क' म्हणतात: चंद्रसूर्य असेतो. दान हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल, असा शाप पुढे असतो. कोकणात शिलाहारांनी असाच शाप गद्धेगाळीवर, म्हणजे दानाच्या शिळेवर, चित्रातून कोरला, वाचता न येणाऱ्यालाही कळावा म्हणून. शाप इतके तिखट का, याचं उत्तर राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या 915च्या ताम्रपटांत मिळतं. कुरुंदक म्हणजे आपल्या कुरुंदवाडला पट्टबंधाच्या, म्हणजे राज्याभिषेकाच्या, वेळी त्याची सुवर्णतुला झाली आणि आधीच्या राजांनी काढून घेतलेली 400 गावं त्याने परत दिली. म्हणजे दानं बुडत होती, शेकड्यांनी बुडत होती. त्याचा मुलगा चौथा गोविंद ब्राह्मणांना 600 अग्रहार आणि देवळांना 800 गावं दिल्याचं 930मध्ये लिहवून घेतो. 973मध्ये राष्ट्रकूटांचं राज्यच चालुक्य तैलपाने घेतलं.

दिल्लीच्या सुलतानांचा इक्ता हे दान नव्हतं. तो पगार होता, फिरवता आणि काढता येणारा. अल्लाउद्दीन खलजीने तर इनाम आणि वक्फाची गावंही खालशात, म्हणजे थेट सरकारी वसुलात, ओढली. फिरोजशहा तुघलकाने उलट केलं. इक्ता बापाकडून मुलाकडे जाऊ लागला आणि सुलतानाच्या हातून लगाम सुटला. दख्खनमध्ये बहमनींचा वजीर महमूद गावान हे ओळखून होता. त्याने चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या, तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, प्रत्येक तरफेतली काही गावं खालशात घेतली. 1481मध्ये बनावट पत्राच्या आधारे त्याचाच शिरच्छेद झाला. बहमनी राज्य फुटायला मग फार काळ लागला नाही.

शिवाजी महाराजांनी रोग मुळातून धरला होता. लष्कराला मोकाशाची गावं नाहीत, रोख वेतन. वतनदारांचे हुडे-वाडे पाडले. पुण्याची जहागीर त्यांनी लहानपणी उजाड पाहिली होती. 1630च्या दुष्काळाने आणि आदिलशाही फौजेने बेचिराख केलेला तो मुलूख, कौल देऊन, सुरुवातीला नाममात्र सारा घेऊन, पुन्हा वसवावा लागला. जहागिरीचा कागद कसा पोकळ असतो, याचं याहून थेट शिक्षण कोणत्या राजाला मिळालं असेल?

1689नंतर ते धोरण टिकलं नाही. खजिना रिता, राजाराम महाराज जिंजीला; लढणाऱ्याला द्यायला वतन आणि सरंजाम यांखेरीज काय होतं? शत्रूच्या ताब्यातल्या मुलखाच्याही सनदा वाटल्या गेल्या. मला यात दोष दिसत नाही. त्या सनदांनीच स्वराज्य तगलं. पण आज्ञापत्र हा राजनीतीचा ग्रंथ लिहिणारे अमात्य पुढे वतनदारांना राज्याचे वाटेकरी म्हणून सावध राहायला सांगतात, तेव्हा या दिवसांची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती.

समोर औरंगजेबाची अवस्था आणखी बिकट होती. 1686ला विजापूर, 1687ला गोवळकोंडा घेतल्यावर जुन्या दरबारांचे आणि फुटून आलेले मराठा सरदार सामावायचे, तर जहागिरीसाठी राखलेली 'पायबाकी' आटलेली. मनसब हाती, जहागीर नाही, यालाच बेजागिरी म्हणत. ज्यांना मिळाली त्यांची जमा कागदावर बारा महिन्यांची, वसूल सहामाही, कधी चौमाहीच. वसूल नाही म्हणून घोडेस्वार नाहीत, आणि स्वार नाहीत म्हणून वसूल नाही.

एकाच गावात मोगल जहागीरदाराचा आमील, मराठ्यांची चौथाई मागणारा स्वार आणि पिढीजात देशमुख, तिघेही आपला कागद दाखवत उभे. कुणबी रातोरात बैल सोडून परागंदा होई. मग गावावर तीन सनदा उरत आणि शिवारात कुसळं. कखडीसारखीच, फक्त बदली जमीन द्यायला आता कुणाकडे नगराची शीव शिल्लक नव्हती.