हीटर फक्त कार्यक्रमाच्या दिवशीच का बंद पडतो?



दिवाळीचा कार्यक्रम, साडेतीनशे पानं, आणि दुपारी बाराच्या सुमारास किचनमधून निरोप आला: गरम पाणी गेलं. मंडळाच्या किंवा देवळाच्या कमिटीवर ज्यांनी एखादं वर्ष काढलंय, त्यांना हा प्रसंग नवा नसेल. मोटेल किंवा रेस्टॉरंटमध्ये भागीदारी असलेल्यांना तर नसेलच. पण आमच्या हॉलमध्ये गंमत अशी की, हे फक्त कार्यक्रमाच्याच दिवशी व्हायचं. कोजागिरीला झालं, मध्ये कुणीतरी मुंजीसाठी हॉल घेतला होता तेव्हा झालं, आणि मग दिवाळीला. एरवी आठवडाभर हीटर ठणठणीत.

मंगळवारी टेक्निशियन यायचा तेव्हा हीटर पहिल्या झटक्यात पेटायचा. एकदा त्याने फ्लेम सेन्सर बदलला, पुढच्या वेळी इग्नायटर. बिलं आली, ती भरली. दरम्यान आमच्या एका उत्साही स्वयंसेवकाला शोध लागला की, वरच्या बाजूला एक छोटं लाल बटण आहे, ते दाबलं की हीटर पुन्हा सुरू होतो. मग काय, कार्यक्रमाच्या दिवशी दर अर्ध्या तासाने बटण दाबायची ड्यूटीच लागली! त्या बटणाकडे परत येतो. आधी यंत्राबद्दल थोडं.

कमर्शियल गॅस वॉटर हीटर बघून आपल्याकडच्या माणसाने बिचकायचं कारण नाही. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधून नळकांडं, त्यात कोळसे किंवा ढलप्या, खाली जाळी आणि राखेचं दार, भोवती पाणी. आमच्या हॉलमधली १०० गॅलनची टाकी तत्त्वतः तेच आहे: खाली बर्नर, पाण्यामधून वर जाणारी धुराची नळी (मोठ्या हीटरमध्ये अशा अनेक नळ्या असतात), भोवती पाणी. पिट्सबर्गमध्ये एडविन रूड या नॉर्वेहून आलेल्या इंजिनिअरने १८८९ मध्ये आपोआप चालू-बंद होणारा गॅसचा हीटर तयार केला, त्याचाही गाभा हाच. बंबात आणि यात फरक दोन. पहिला, बंबाला वर आणायला माणूस लागायचा आणि तो समोर बसून विस्तव बघायचा. इथे ते काम सेन्सर आणि स्विच करतात. दुसरा फरक जास्त गंभीर: बंब उघडा होता, ही टाकी बंद आहे.

पहिल्या फरकापासून सुरुवात करू. आधुनिक हीटर एका ठरलेल्या क्रमाने पेटतो. थर्मोस्टॅट म्हणतो पाणी गार झालं. धुराड्याची झडप उघडते, किंवा पंखा असेल तर तो फिरून आतली जुनी हवा बाहेर काढतो. दाबाचा स्विच खात्री करतो की हवा खरोखर वाहतेय. मग इग्नायटर लाल होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, आणि काही सेकंदांत फ्लेम सेन्सरने ज्योत दिसल्याची ग्वाही द्यावी लागते. नाही दिली तर गॅस बंद. बऱ्याच मॉडेलमध्ये तीनदा प्रयत्न होतो आणि मग हीटर कुलूप लावून बसतो.

म्हणून कुठलाही पार्ट ऑर्डर करण्याआधी समोर उभं राहून एक पूर्ण फेरी बघावी. कुठल्या पायरीवर अडलं हे कळलं की अर्धं निदान झालं. इग्नायटर लालच होत नाही, ही एक गोष्ट. ज्योत लागते आणि चार-पाच सेकंदांत विझते, ही अगदी वेगळी: तिथे बहुतेक वेळा सेन्सरच्या दांडीवर पुटं चढलेली असतात किंवा अर्थिंग नीट नसतं. जुन्या, सतत पायलट जळणाऱ्या हीटरमध्ये थर्मोकपल असतो. त्याच्यातून चांगल्या स्थितीत २५-३० मिलिव्होल्ट येतात. तो मेला की पायलट टिकत नाही. आणि पेटून व्यवस्थित जळतो पण मध्येच बंद पडतो, हा तिसरा प्रकार. आमचा तो होता.

आमच्या हीटरवरचं लाल बटण ज्या स्विचचं होतं, तो धुराड्याच्या तोंडाशी, ड्राफ्ट हूडजवळ बसवलेला होता. त्याचं काम एकच: धूर वर जाण्याऐवजी खोलीत उलटा आला की त्या उष्णतेने उडणं आणि गॅस तोडणं. म्हणजे ‘बिघडलेला’ स्विच आपलं काम चोख करत होता, आणि आम्ही दर अर्ध्या तासाने त्याला गप्प करत होतो.

शेवटी दुसऱ्या एका टेक्निशियनला बोलावलं. वयस्कर, मितभाषी गृहस्थ. त्याने हत्यारांची पेटी उघडलीसुद्धा नाही. विचारलं, कार्यक्रमाच्या दिवशी वेगळं काय असतं? आम्ही म्हटलं, माणसं. तो म्हणाला, ते सगळं करा. मग शेगड्यांवरच्या हूडचे सगळे एक्झॉस्ट पंखे लावले, दारं बंद केली, हीटर चालू केला. त्याने धूर सोडणारी काडी ड्राफ्ट हूडच्या कडेशी धरली. (आपण उदबत्ती धरली तरी चालते.) धूर आत ओढला जायला हवा होता, तो सरळ त्याच्या तोंडावर आला. हातातल्या कार्बन मोनॉक्साइड मीटरचा आकडा चढायला लागला आणि त्याने हीटर बंद केला.

कारण कळल्यावर कपाळाला हात लावला. हॉटेलच्या मापाचा हूड मिनिटाला दोन-तीन हजार घनफूट हवा सहज बाहेर फेकतो. तेवढी हवा आत यायलाही हवी. त्यासाठी छतावर वेगळा पंखा होता, पण थंडीत पाठीवर गार वारा येतो म्हणून कुणीतरी त्याचा स्विच बंद करून ठेवला होता. हीटरची खोली किचनला लागून, दार कायम उघडं. त्या खोलीला बाहेरची हवा यायला दोन जाळ्या, एक छताजवळ आणि एक जमिनीलगत. नियम असा की, बाहेर थेट उघडणाऱ्या अशा दोन जाळ्या असतील तर दर ४,००० बीटीयूमागे प्रत्येक जाळीला एक चौरस इंच मोकळी जागा हवी. आमचा हीटर तासाला १,९९,००० बीटीयूचा, म्हणजे सुमारे ५० चौरस इंच. आणि खालच्या जाळीला अगदी चिकटून रचून ठेवलं होतं गणपतीचं मखर! सप्टेंबरात विसर्जन झाल्यावर, ‘इथे कुणाच्या अध्यातमध्यात येणार नाही’ म्हणून, खोक्यांची थेट वरच्या जाळीपर्यंत उतरंड. हूडला हवा मिळेना, म्हणून तो हीटरच्या चिमणीतून उलटी हवा ओढत होता.

दिवाळीच्या दिवशी किचनमधल्या दोघी-तिघींचं डोकं दुखत होतं. कांद्याची फोडणी, पहाटेपासूनची धावपळ, असं म्हणून आम्ही चहा दिला.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या आपण मुंबई-पुण्याच्या पेपरांत वाचत आलोय, पण अमेरिकेत सगळं परमिट घेऊन बसवलेलं असतं, इथे काय व्हायचंय, असा आपला समज. नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावचं उदाहरण बघा. १६ एप्रिल २०१३ रोजी तिथल्या एका हॉटेलात, २२५ नंबरच्या खोलीत एक वयस्कर जोडपं मृत सापडलं. कारण लगेच कळलं नाही. ८ जूनला त्याच खोलीत ११ वर्षांचा एक मुलगा गेला, त्याची आई कशीबशी वाचली. खोलीच्या खाली स्विमिंग पूलचं पाणी तापवणारा गॅस हीटर होता आणि त्याच्या गंजलेल्या धुराड्यातून वायू वर झिरपत होता. त्यानंतर त्या राज्याने हॉटेलांसाठी कार्बन मोनॉक्साइड अलार्मचा कायदा केला. तीस-चाळीस डॉलरची वस्तू! आमच्या किचनमध्ये तोवर एकही नव्हता, हे लिहिताना लाज वाटते. आता दोन आहेत. तो वाजला तर बटणं दाबत बसायचं नाही. सगळ्यांनी बाहेर यायचं आणि ९११ ला फोन करायचा.

आता दुसरा फरक, बंद टाकीचा. बंबात वरून तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर यायचं. फार तापलं तर वाफ झाकणातून निघून जायची. बंद टाकीत ती सोय फक्त एकाच ठिकाणी असते: टाकीच्या वरच्या भागात बसवलेला रिलीफ व्हॉल्व्ह. तापमान २१० फॅरनहाइटला किंवा दाब पाटीवर लिहिलेल्या मर्यादेला, बहुधा १५० पीएसआयला, पोचला की तो उघडतो. दाबाखालचं पाणी २१२ च्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि टाकी फुटली की त्यातलं बरंचसं पाणी एका क्षणात वाफ होतं. वाफेला पाण्याच्या दीड हजारपटीहून जास्त जागा लागते. १९ जानेवारी १९८२ रोजी ओक्लाहोमातल्या स्पेन्सर इथे स्टार एलिमेंटरी स्कूलमध्ये जेवणाच्या वेळी पाण्याच्या हीटरची ८० गॅलनची टाकी अशीच फुटली. सहा मुलं आणि एक शिक्षिका गेली.

हा व्हॉल्व्ह ठिबकायला लागला की आपल्यातला काटकसरी माणूस जागा होतो. बादली ठेवणं इथपर्यंत ठीक. पण त्याच्या पाइपच्या तोंडाला बूच मारलेलं मी स्वतः एका ठिकाणी पाहिलंय. ते कदापि करू नये. त्या पाइपला बूच नाही, नळ नाही, वरच्या दिशेला वळण नाही. ठिबकण्याचं कारण बऱ्याचदा व्हॉल्व्ह नसतोच. १०० गॅलन पाणी ४० वरून १४० फॅरनहाइटपर्यंत तापलं की दीड-दोन गॅलनने फुगतं. रस्त्यावरच्या लाइनीत पाणी उलटं जाऊ नये म्हणून झडप बसवलेली असेल, तर त्या वाढीव पाण्याला जागाच उरत नाही आणि दाब व्हॉल्व्हपर्यंत चढतो. उपाय म्हणजे एक्स्पान्शन टँक. तो आहे पण आतला रबरी पडदा फाटलाय, असंही होतं. बोटाने वाजवून बघा, पाण्याने गच्च भरलेला टँक बद्द आवाज देतो. हे सगळं ठीक असूनही गळत असेल तर व्हॉल्व्ह बदला.

नेहमीच्या सर्व्हिसिंगबद्दल फार लिहीत नाही, मॅन्युअलमध्ये असतंच. पण वर्षातून एकदा तळाचा गाळ काढा. बर्नर चालू असताना टाकीतून भांड्यात खडे खुळखुळल्यासारखा आवाज येत असेल, तर तळाला चुन्याचा थर बसलाय. तो उष्णता अडवतो, गॅस जास्त जळतो आणि पत्रा तापून लवकर जातो. अ‍ॅनोड रॉडही वर्षाला बघायचा. टाकीऐवजी गंजायचं काम त्याचं. तो संपला की पाळी टाकीची. कंडेन्सिंग जातीचा नवा हीटर असेल तर त्यातून पडणारं आम्लयुक्त पाणी वाहून नेणारी नळी तुंबली तरी हीटर बंद पडतो, आणि लोक हजार रुपयांचं... सॉरी, हजार डॉलरचं सर्किट बोर्ड बदलून मोकळे होतात.

तापमानाबद्दल मात्र भांडणं होतात, म्हणून सांगतो. गॅस वाचवायला कुणी ११० वर सेट करतं. लिजिओनेला हा जंतू ७७ ते ११३ फॅरनहाइटमध्ये सुखाने वाढतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनात यानेच २९ प्रतिनिधींचा जीव घेतला (तिथे संशय एअर कंडिशनिंगवर होता, हीटरवर नाही). म्हणून टाकीत १४० ठेवावं. पण १४० चं पाणी हातावर पाचेक सेकंद पडलं तरी भाजतं, तेव्हा हात धुवायच्या नळांआधी मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच, विशेषतः जिथे मुलं आहेत तिथे.

आमच्या दुरुस्तीचा एकूण खर्च: त्या गृहस्थांची एक व्हिजिट आणि दोन अलार्म. मखर आता एका सभासदाच्या गराजमध्ये आहे. वरच्या पंख्याच्या स्विचवर ‘बंद करू नये’ अशी मराठीत चिठ्ठी लावलीय, आणि जाळीसमोर जमिनीवर पिवळा पट्टा मारून आत काही ठेवायचं नाही असं ठरवलंय. परवा संक्रांतीच्या तयारीला गेलो होतो तेव्हा पट्ट्याच्या आत दोन फोल्डिंग टेबलं टेकवलेली होती. काढून बाहेर ठेवली.