बडोद्यातील शेजार

नोकरीनिमित्त बडोद्यास जाणाऱ्या गोमंतकीय तरुणास तेथे मराठी माणूस शोधीत हिंडावे लागत नाही. गायकवाडांच्या या राजधानीत २०१८ साली ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. परंतु केवळ स्वभाषिकांत रमणारा वर्षानुवर्षे तेथे पाहुणाच राहतो. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आलेले बारा वर्षांचे सयाजीराव गुजराती शिकले. १८९३ साली आलेल्या अरविंद घोषांनी मराठी व गुजराती दोन्ही आत्मसात केल्या. मग आजच्या नवागताने संकोच का बाळगावा? मराठी मंडळाची वर्गणी त्याने अवश्य भरावी. पण शेजाऱ्याशी गुजरातीत, अडखळत का होईना, बोलावे आणि नवरात्रात सोसायटीचा गरबा सुरू झाला की कडेला उभे न राहता फेरात शिरावे.