प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर

2011 साली इंटेलनं कोअर आय-7 मालिकेतले दोन प्रोसेसर बाजारात आणले, 2600 आणि 2600के. दोन्हींत चार कोअर, आठ थ्रेड, मूळ वेग 3.4 गिगाहर्ट्‌झ. ‘के’वाला महाग, कारण त्याचा वेग मर्जीप्रमाणे वाढवता येई. पण व्हीटी-डी ही सोय साध्या 2600मध्ये होती, ‘के’मध्ये नव्हती! घरच्या घरी व्हर्च्युअल मशिन्सची लॅब उभारणाऱ्याला जादा पैसे मोजून नेमकी कामाची गोष्ट गमवावी लागे.

व्हीटी-डीमुळे ग्राफिक्स कार्ड किंवा डिस्क कंट्रोलर थेट एखाद्या व्हर्च्युअल मशिनच्या हाती सोपवता येतो. व्हीटी-एक्स वेगळं, मशिन चालवण्यासाठीचा तो मूळ आधार 2005मध्ये आला, एएमडीचा पुढच्या वर्षी. आज बहुतेक प्रोसेसरमध्ये दोन्ही सोयी असतात. मात्र बायोसमध्ये त्या अनेकदा बंद असतात आणि एएमडीच्या बोर्डवर ‘एसव्हीएम मोड’ शोधून चालू करावा लागतो. त्याआधी प्रोसेसर खराब ठरवू नये.

खरेदीला निघालेला माणूस कोअर मोजतो. लॅबमध्ये आधी संपते ती रॅम. एक विंडोज सर्व्हर, एक डेटाबेस, दोन-तीन लिनक्स मशिन्स. बहुतेक वेळ सगळी निवांत असतात, पण रॅम अडवून बसतात. चार कोअरचा, 6 वॅटचा इंटेल एन100 म्हणूनच मोहात पाडतो आणि अडकवतो: अधिकृत मर्यादा 16 जीबी. आय-5 12400 मात्र 128 जीबीपर्यंत जातो. त्याचे सहाही कोअर एकाच जातीचे, हा मोठा गुण. त्याच पिढीतल्या वरच्या बहुतेक मॉडेलांत मोठे आणि छोटे कोअर एकत्र येतात. तिथे व्हर्च्युअल मशिन्स चालवणारं व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय सुरू होतानाच जांभळा पडदा दाखवून थांबतं, आणि बूटच्या वेळी खास पर्याय द्यावा लागतो. त्याच कामाच्या प्रॉक्समॉक्सला अशी अडचण येत नाही.

जुने झिऑन सर्व्हर प्रोसेसरही खुणावतात. 2016चा ई5-2680 व्ही4, चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड, सेकंडहँड बाजारात स्वस्त. फक्त शनिवार-रविवार लॅब लावणाऱ्यानं तो जरूर घ्यावा. चोवीस तास चालवायचा असेल, तर आधी हिशेब करावा: यंत्रानं सतत 100 वॅट जादा ओढले, की महिन्याला 72 युनिट वाढतात आणि महावितरणच्या बिलात 100 युनिटांपुढचा दर चढा असतो.