आवड गेली की चाळिशी आली?

 

आम्ही बावीस-तेवीस वर्षांच्या चार जणी. दोघी पेणकडच्या, दोघी रोह्याकडच्या. आजचा विषय आम्हाला एका गोणीनं दिला. आमच्यातल्या एकीचं लग्न ठरलंय. घराला रंग काढायचा म्हणून माळा रिकामा केला, तर तांदळाच्या गोण्यांमागून पुस्तकांची एक गोणी निघाली. त्यात ‘किशोर’चे जुने अंक, ‘चंपक’, फास्टर फेणेची तीन पुस्तकं आणि कव्हर गेलेलं ‘श्यामची आई’ होतं. रद्दीवाला दारात उभाच होता. तिची आई म्हणाली, “आता मोठी झालीस, ही पोरांची पुस्तकं काय करायचीत?” मग जरा थांबून म्हणाली, “मीपण वाचायचे गं. लग्नानंतर आवडच गेली.”

गोणी त्या दिवशी रद्दीत गेली नाही. पण काकूंचं ते वाक्य आम्हाला चिकटून राहिलं. आवड जाते म्हणजे नेमकं काय होतं? आमचीही अशीच जाणार का? म्हणून आम्ही चौघींनी आधी स्वतःकडेच बघितलं.

लहानपणी आम्हाला एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे पुढे काय झालं. ‘किशोर’ हे बालभारतीचं मासिक १९७१ सालापासून निघतंय, म्हणजे आमच्यातल्या काहींच्या आयांनीही ते शाळेत वाचलेलं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकल दामटत निघाला की आम्हीही मागे. पुस्तकात झाडाचं, नदीचं वर्णन आलं की सरळ पान उलटायचो. तेरा-चौदाव्या वर्षी अचानक तीच पुस्तकं बालिश वाटायला लागली. आमच्यातली एक तर ‘किशोर’ वाचताना वर भूगोलाचं पुस्तक धरायची, कुणी चिडवू नये म्हणून. सोळा-सतराव्या वर्षी शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ हातात आलं आणि कर्णावर अन्याय झाला म्हणून आम्ही रात्र रात्र धुमसलो. त्या वयात आपल्यावर सगळं जग अन्याय करतंय असंच वाटत असतं, त्यामुळे कर्ण अगदी घरचा वाटला.

आणि आता? ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती बोलते, त्याची बायको वृषालीही बोलते. सतराव्या वर्षी आम्ही ती पानं भराभर संपवली होती. लग्न ठरलेल्या मैत्रिणीनं परवा पुस्तक पुन्हा काढलं ते वृषालीसाठी. पुस्तक १९६७ सालचं, तेच. तिची जागा बदलली.

हे सगळ्यात जास्त कळलं ते ‘श्यामची आई’ वाचताना. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. गुरुजी आपल्या कोकणातले, दापोलीजवळच्या पालगडचे. शाळेत असताना आम्ही ते श्यामच्या बाजूनं वाचलं. अंघोळ झाल्यावर पायाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो, आई पदर पसरते, आणि जसा पायाला जपतोस तसा मनालाही जप, असं सांगते. ती गोष्ट सगळ्यांना पाठ. आईनं रागावलं की आम्हाला श्यामचं वाईट वाटायचं, आई गेली की रडू यायचं. बस.

आता गोणीतलं तेच पुस्तक चौघींनी पुन्हा वाचलं, एक पान एकीनं, एक पान दुसरीनं, मोठ्यानं. आणि आम्हाला श्याम फारसा दिसलाच नाही. दिसलं ते कर्ज. वाटण्या होऊन घर खाली येतं, देणं वाढत जातं, सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो आणि घरातल्या बाईला नको ते बोलतो. माहेरच्या आधारानं राहण्यापेक्षा साधं का होईना, पण आपलं वेगळं घर हवं, असा त्या आईचा आग्रह असतो. अंगात ताप असताना ती कामं उपसते. बाराव्या वर्षी ही पानं आम्हाला मधली वाटली होती, गोष्ट पुढे न नेणारी. आता वाचताना आमच्यातली एक थांबली आणि पुढचं वाचेचना. मागच्या वर्षी तिच्या घरी हप्ता थकला होता. वसुलीवाला ओटीवर बसून मोठमोठ्यानं बोलत होता, शेजारीपाजारी दारं किलकिली करून ऐकत होते, आणि तिची आई आत चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती म्हणाली, “हे पुस्तकात आधीपासून होतं, आणि मला माहीतच नव्हतं.”

पुस्तकात होतंच. वाचायला जे वय लागतं ते नव्हतं.

म्हणून आम्हाला वाटतं की ‘आवड गेली’ असं जेव्हा एखादी म्हणते, तेव्हा पुष्कळदा जुनी आवड मागे पडलेली असते आणि नवी कुठली ते अजून तिला सापडलेलं नसतं. मधली काही वर्षं रिकामी जातात. त्यात लग्न होतं, मूल होतं, दुपार म्हणून काही उरतच नाही. चारशे पानांची कादंबरी हातात धरणं जमत नाही. ज्या बाईला एका वेळी पंधरा मिनिटं मिळतात, तिला पंधरा मिनिटांत पुरी होणारी गोष्ट लागते. दिवाळी अंक घरोघरी का टिकले, त्याचं एक कारण हेही असावं. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून बायका एक अंक चार-चार महिने पुरवून वाचत आल्यात.

दुसरं कारण मात्र अगदी साधं निघालं, आणि ते आम्हाला जोह्याच्या एका मावशींमुळे कळलं. त्या वीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात आहेत. आखणी करायच्या, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायच्या. हे सगळ्यात नाजूक काम, त्याला मजुरीही जास्त. दोन वर्षांपूर्वी रेषा हलायला लागली. “हात गेला माझा,” म्हणाल्या, आणि आखणी सोडून पीतांबराच्या मोठ्या रंगाला बसल्या. घरी पोथीही बंद केली. “आता मना बारीक अक्षर दिसत नाय,” एवढंच. त्यांच्या सुनेनं बाजारात नेऊन साधा जवळचा चष्मा घालून पाहायला लावला. मावशींनी सुईत दोरा ओवला, मग इकडेतिकडे बघून पुन्हा ओवला. हात कुठेच गेला नव्हता.

आपल्या भाषेत या चष्म्याला चाळिशी म्हणतात, ते उगाच नाही. डोळ्याच्या बाहुलीमागे एक लवचीक भिंग असतं. जवळचं बघताना ते फुगतं, लांबचं बघताना चपटं होतं. वय वाढतं तसं ते कडक होत जातं, आणि साधारण चाळिशीत इतकं कडक होतं की जवळच्या अक्षरासाठी पुरेसं फुगत नाही. मग आपण पुस्तक लांब धरतो, उजेडाकडे तोंड करतो, डोकं दुखतं आणि पुस्तक मिटतो. हा रोग नाही. प्रत्येकाला, शिकलेल्याला आणि न शिकलेल्यालाही, हे होतंच. पुढे साठीपर्यंत नंबर थोडा थोडा वाढतो, म्हणून काही वर्षांनी चष्मा बदलावा लागतो. चष्मा लावल्यानं नंबर वाढतो हा मात्र गैरसमज आहे.

पण चष्मा बाजारातून उचलण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या. धुरकट दिसणं, रात्री दिव्याभोवती फाकलेला उजेड दिसणं, हे मोतीबिंदूमुळे असू शकतं, आणि त्याला जवळचा चष्मा उपयोगी नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर वर्षातून एकदा डोळ्याचा मागचा पडदाही तपासून घ्यायला हवा. पेणला आणि रोह्याला, दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे डोळ्यांची तपासणी कुठल्या दिवशी असते ते विचारून गटातल्या चार-पाच जणींनी एकत्र जावं, एकटीचं राहून जातं.

आता आपल्याच तालुक्यातल्या एका आईची गोष्ट. पेण तालुक्यातलं गागोदे गाव तुम्हाला माहीत आहे. तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांच्या आई रुक्मिणीबाई. पुढे हे कुटुंब बडोद्याला गेलं. तिथे रुक्मिणीबाईंना गीता वाचायची इच्छा झाली, पण संस्कृत येत नव्हतं. विनोबांनी मराठी गद्यातली गीता आणून दिली. त्यांना ती रुचली नाही, पद्य हवं होतं. मग वामनपंडितांची पद्यातली गीता आली, ती फार अवघड वाटली. तेव्हा आई मुलाला म्हणाली, मग तूच का नाही सोपी करत?

आम्ही ही गोष्ट शाळेत आईची भक्ती आणि मुलाची बुद्धी म्हणून ऐकली होती. आता ऐकताना वेगळंच दिसतं. त्या बाईनं दोन पुस्तकं परत केली. एक नुसतं गद्य म्हणून, एक अवघड म्हणून. मला कळत नाही, मी अडाणी, असं म्हणून ती गप्प बसली नाही. मला काय हवंय ते सांगितलं. वाचनाची आवड म्हणतात ती हीच. रुक्मिणीबाई १९१८ साली गेल्या. विनोबांनी ऑक्टोबर १९३० ते फेब्रुवारी १९३१ या काळात सोप्या मराठी पद्यात गीता लिहिली आणि तिचं नाव ठेवलं ‘गीताई’. ती त्यांना वाचायला मिळाली नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. (आणखी एक गंमत सांगायची तर १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचनं दिली, ती उतरवून घेणारे साने गुरुजीच होते.)

हे सांगायचं कारण असं. मध्यंतरी आम्ही एका वाचनालयात गेलो. कुठल्या ते राहू दे. बायकांसाठी काय आहे विचारलं, तर एका कपाटाकडे बोट दाखवलं. त्यात पाककृती, व्रतकथा, मेंदी आणि वजन कमी करण्याची पुस्तकं. वाईट एकही नाही. पण पलीकडच्या कपाटात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ धूळ खात होती, ती बायकांची नाहीत का? लक्ष्मीबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं, लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या आणि या आठवणींचा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. काय विनोदी लिहिलंय म्हणून सांगू! ते पुस्तक आम्ही घेऊन आलो, आणि सध्या गटातल्या काकूंकडे फिरतंय.

ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांनी वाचणं केव्हाच सोडलं, त्यांच्यासाठी आपल्याकडे एक जुनी सोय आहेच. श्रावणात गावोगाव पोथी लावतात. एक जण श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. दरवर्षी तीच पोथी. गेल्या वर्षी ऐकली, आता कशाला, असं कुणी म्हणत नाही. आमच्यातल्या एकीच्या आजीला पोर असताना कृष्णाच्या खोड्या आवडायच्या, म्हातारपणी ती देवकीच्या ओव्यांना डोळे पुसायची. सहा मुलं गेलेली देवकी. आजीचीही दोन लहानपणीच गेली होती, हे आम्हाला नंतर समजलं.

तसंच पापड लाटताना करता येतं. पेणकडच्या एका गटात आम्ही करून बघितलं. पोह्याचे पापड लाटायला दहा जणी बसल्या, अकरावीच्या हातात पुस्तक. दर अर्ध्या तासानं वाचणारी बदलायची. पहिल्या दिवशी हसण्यातच वेळ गेला. दुसऱ्या दिवशी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतली, त्यातला मास्तर धनगरांच्या गावात जातो तिथपासून बायका गप्प झाल्या. मध्येच एक काकू म्हणाल्या, “हे नको, फार दुष्काळी आहे, दुसरं घ्या.” तिघी म्हणाल्या, नाही, हेच. भांडण झालं. आम्हाला त्या भांडणाचा फार आनंद झाला.

लग्न ठरलेल्या मैत्रिणीच्या गोणीचं काय झालं, ते राहिलंच. ‘किशोर’चे अंक धाकट्या चुलतभावाला गेले. ‘चंपक’ अंगणवाडीत दिले. ‘श्यामची आई’ला नवं कव्हर घालून ते तिनं सासरच्या बॅगेत ठेवलं, वर ‘मृत्युंजय’. आणि फास्टर फेणे? ती तीन पुस्तकं तिच्या आईनं काढून घेतली. “असू देत इथंच, दुपारी बघेन,” म्हणाल्या. चाळिशी अजून केलेली नाही त्यांनी. येत्या आठवड्यात आम्ही त्यांना घेऊन रुग्णालयात जाणार आहोत.