विसण आणि वाफ

बंबातल्या कढत पाण्यात विसण घालताना आपण काही गमावतो काय? ९० अंशांच्या एक किलो पाण्यात ३० अंशांचे एक किलो मिसळले की सारे ६० अंशांवर येते. एकाने ३० किलोकॅलरी दिल्या, दुसऱ्याने तितक्याच घेतल्या. जमाखर्च जुळला!

पण ते पाणी आपण होऊन पुन्हा निम्मे कढत, निम्मे गार होत नाही. हे मोजणाऱ्या राशीला क्लॉसियसने १८६५ साली एन्ट्रॉपी हे नाव दिले. अंशांत २७३ मिळवावे, थोडीथोडी उष्णता त्या-त्या वेळच्या आकड्याने भागावी, बेरीज करावी. कढत पाण्याची एन्ट्रॉपी ०.०८६ ने घटते, गार पाण्याची ०.०९४ ने वाढते. वाढावा ०.००८. त्याला भोवतालच्या ३०३ ने गुणले की सुमारे अडीच किलोकॅलरी येतात. तेवढे काम करून घेण्याची संधी कायमची गेली.

गुऱ्हाळात काहिलीची वाफ आभाळात जाते. माळेगाव, भवानीनगरसारख्या साखर कारखान्यांत मात्र पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातला रस उकळते, कारण तेथे दाब कमी असतो. रिल्यूने अमेरिकेत १८४३ साली या युक्तीचे पेटंट घेतले. उष्णता पायरीपायरीने उतरते आणि जळण वाचते.

आम्ही कामगारांना हेच सांगत आलो. नफ्यातोट्याच्या बैठकीत उष्णता किती लागली एवढेच विचारू नका. ती किती अंशांवरून किती अंशांवर उतरली, तेही विचारा. भट्टीपाशी उभे राहणाऱ्याला हा हिशेब आलाच पाहिजे.