दुकानातला सूर, घरातला सूर

उत्तम आवाजाची यंत्रं घरी आणणं हा आता फक्त गर्भश्रीमंतांचा षोक राहिलेला नाही. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून किंवा वर्षानुवर्षं बाजूला टाकलेल्या पैशांतून चांगला ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेणारी साधी गाणंवेडी माणसंही आहेत. यात लाख-दीड लाख रुपये सहज जातात. आणि मग एक तक्रार हमखास ऐकू येते, 'दुकानात काय सुंदर वाजत होतं! घरी आणल्यावर ते राहिलंच नाही.' दुकानदारानं फसवलं की काय, अशी शंका येते. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. यंत्र तेच असतं, खोली बदललेली असते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी यंत्र काही दिवस घरी आणून वाजवून पाहावं. मात्र हे पाहणं डोळसपणे व्हायला हवं, किंबहुना थोडं डोळे मिटूनच!

आधी खोलीचा विचार करू. स्पीकरमधून निघालेला आवाज आपल्या कानावर सरळ येतो, तसाच भिंती, छत आणि फरशीवर आपटूनही येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर वेगानं जातो. आपल्याकडची नेहमीची दहा बाय बाराची खोली घ्या. बारा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा स्वर नेमका बसतो. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसा हा स्वर त्या खोलीत फुगतो. दहा फुटांच्या अंतरात हाच आकडा ५६ होतो. छतही दहा फुटांवर असेल, तर ५६ कंपनांचा स्वर दोन्ही बाजूंनी फुगतो. बास गिटारच्या 'ए' तारेचा मूळ स्वर ५५ कंपनांचा आहे. म्हणजे त्या तारेला हात लागला की खोली घुमणार आणि शेजारचे स्वर त्यामानानं किरकोळ वाटणार. यात ॲम्प्लिफायरचा काही दोष नाही.

शिवाय हे फुगणं खोलीत सगळीकडे सारखं नसतं. भिंतीला टेकून बसलात तर तो स्वर फार ऐकू येतो, अगदी मधोमध बसलात तर जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकर कोपऱ्यात ढकलला की खालचे स्वर आणखी वाढतात. खुर्ची दोन फूट पुढे घेणं किंवा स्पीकर भिंतीपासून हातभर दूर ओढणं, यानं जो फरक पडतो तो पन्नास हजारांचं नवं यंत्र आणूनही पडेलच असं नाही. आणि हा उपाय फुकट आहे.

खोलीतलं सामानसुद्धा आवाज घडवतं, हे मोजून दाखवलं वॉलेस सॅबिन या तरुण अमेरिकन प्राध्यापकानं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ रेंगाळत असे. एक शब्द विरायच्या आत पुढचे दहा-बारा शब्द त्यात मिसळत. सॅबिननं जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि घड्याळ लावून आवाज किती वेळात विरतो ते पाहिलं. जितक्या गाद्या जास्त, तितका आवाज लवकर विरतो, हे त्यातून सूत्रबद्ध झालं. त्याच्याच सल्ल्यानं बांधलेलं बॉस्टनचं सिम्फनी हॉल १९०० साली उघडलं. ते जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणलं जातं.

आपल्या घरात गुळगुळीत टाइल्स, गिलाव्याच्या भिंती आणि सरकत्या काचा असतात. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर्र' असा ओझरता नाद आला, तर जाड पडदे, गालिचा आणि पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट यांची गरज आहे असं समजा. मात्र पातळ गालिचा फक्त वरचे स्वर शोषतो, खालच्या घुमण्यावर त्याचा परिणाम होत नाही. तिथं स्पीकरची आणि आपली जागाच बदलावी लागते.

दुसरा मुद्दा आपल्या कानांचा, खरं तर मनाचा. दोन यंत्रांपैकी एक अगदी किंचित मोठ्यानं वाजत असेल, तर आपल्याला ते 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं, की आवाज लहान केला की आपल्या कानाला खालचे स्वर अधिकच कमी ऐकू येतात. दुकानात आवाज चढवलेला असतो, म्हणून सगळं भरदार वाटतं. घरी रात्री दहा वाजता, शेजाऱ्यांचा विचार करून लावलेलं तेच गाणं पोकळ वाटतं.

डोळेही ऐकण्यात लुडबुड करतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये चाळीस जणांना तेच स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा दिसतील असे आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, दिमाखदार स्पीकरना गुण जास्त मिळाले. पडद्याआड हा फरक बराच कमी झाला. हे ऐकणारे अननुभवी होते असंही नाही. किंमत आणि रूप माहीत असलं, की आपण तेही ऐकतो.

आता प्रत्यक्ष कृती. काही विक्रेते अनामत घेऊन यंत्र घरी देतात, काही जण स्वतः येऊन वाजवून दाखवतात. महागाच्या खरेदीत हे विचारण्यात संकोच नसावा. किती दिवस, किती रक्कम, मोडतोड झाली तर जबाबदारी कोणाची, हे कागदावर घ्यावं. परदेशातून आलेलं यंत्र असेल तर मागची पाटी आधी वाचा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि जपानमध्ये १०० व्होल्टची असते. तिथलं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर तसंच लावलं तर जळेल. तारा बदलताना यंत्र बंद ठेवा आणि स्पीकरच्या दोन तारांची उघडी टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

जुना संच लगेच काढून ठेवू नका, तुलना त्याच्याशीच करायची आहे. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. वरचे स्वर देणारा छोटा भोंगा बसल्यावर कानाच्या उंचीवर यावा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि तारा एकदम बदलल्या, तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. दोन्ही यंत्रांचा आवाज सारखा करून घ्या. मोबाइलवर आवाज मोजणारी साधी ॲप्स मिळतात, मोबाइल एकाच जागी ठेवला तर तुलनेपुरती ती चालतात.

ऐकायला ओळखीचंच काही घ्या. एखादं नाट्यगीत, एकल तबला, नुसता तंबोरा. डग्ग्याची प्रत्येक घुमक सुटी ऐकू येते की एकीत दुसरी मिसळते? तंबोऱ्याची जवारी जिवंत वाटते की नुसती चरचर? सगळ्यांत कठोर परीक्षा माणसाच्या बोलण्याची. रोज ऐकलेला निवेदकाचा आवाज नाकातून किंवा पिंपातून आल्यासारखा वाटला, तर पुढची परीक्षा घ्यायची गरज नाही.

मग घरातल्या कुणाला तरी यंत्रांची अदलाबदल करायला सांगा. आपण पाठ फिरवून बसायचं. कोणतं यंत्र वाजतंय ते नाणं उडवून ठरवावं, आपण ते ओळखून वहीत लिहावं, असं दहा वेळा. नुसत्या अंदाजानं दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरं बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात जेमतेम एक. तेवढी आली तर फरक खरा आहे. पाच-सहाच आली तर पैसे कशाचे द्यायचे, याचा विचार करावा.

स्पीकर बदलले तर फरक सहज कळतो. पुरेशा ताकदीच्या दोन चांगल्या ॲम्प्लिफायरमधला फरक ओळखणं फार अवघड जातं. ५० वॉटऐवजी १०० वॉट घेतले तरी आवाज दुप्पट होत नाही, वाढ फक्त ३ डेसिबलची होते. तारांचं सांगायचं तर अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओम भरतो. स्पीकर असतो साधारण आठ ओमचा. हजारो रुपयांच्या तारेनं यात काय साधणार?

वयाचाही विचार करायला हवा. उंची यंत्रं परवडू लागतात तोवर बहुतेकांच्या कानांची सर्वांत वरचे स्वर ऐकण्याची शक्ती कमी झालेली असते. जाहिरातीतल्या २० हजार किंवा ४० हजार हर्ट्झच्या आकड्यांसाठी साठीच्या माणसानं जास्त पैसे मोजू नयेत. त्याचा आनंद मधल्या स्वरांत आहे, गळा आणि वाद्यं बहुतांशी तिथंच राहतात.

शेवटी परीक्षा थांबवून आठवडाभर नुसतं ऐका. पंखा चालू, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, रात्री बेताचा आवाज, असं जे रोजचं ऐकणं असेल तसं. एक तबकडी संपल्यावर दुसरी लावावीशी वाटते की कान शिणतात, हे पाहा. यंत्र आवडलं तर निर्धास्त घ्या. नाही आवडलं तर नीट बांधून, आभार मानून परत द्या. आणि त्याआधी जुनेच स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढून एक संध्याकाळ ऐकून पाहायला विसरू नका.